कापसाची काडी

१२ जानेवारी

चि. ताईस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो हो करतेस, म्हणून कागदच काढला. पत्रात तरी नीट उत्तर देतेस.

भुंगा दर बुधवारी मानसोपचाराच्या बाईंकडे जातो. तिथे डोळे मिटून तो दिवस सांगायचा, जणू आत्ताच घडतोय. लिफ्टच्या शाफ्टमध्ये दुरुस्तीला हा वर, याला काम शिकवणारा वस्ताद खाली, तिथपासून वस्तादचा जीव जाईपर्यंत. बाई ते रेकॉर्ड करून देतात, घरी रोज ऐकायचं. ऐकून उठतो तेव्हा शर्ट पिळून घ्यावा असा असतो. सारखा गुणगुणायचा म्हणून भुंगा नाव पडलं, आता घर कसं गप्प आहे.

शिवाय सकाळी डोळा उघडला की पाणीसुद्धा न पिता कापसाची काडी चघळायची. भिजली की नळीत घालून फ्रीजमध्ये. अर्ध्या तासाने दुसरी. तुझ्या भावाची थुंकी आणि माझं दूध एका फळीवर! अंगातला ताण मोजतात म्हणे. तू लॅबमधली, तू सांग हे काय आहे. आणि नळ्या चुकल्या तर उपचारांतून याचं नाव कमी करतील का?

मी बरी आहे. पहाटे त्याच्या दाराशी जाऊन श्वास ऐकते, मग चहा टाकते.

खात जा. माया आहे तिथेच आहे, तू पत्र धाड.
तुझी आई

२० जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

खाते इतकी की लॅबच्या कोटाचं बटण लागत नाही.

ते मोजतात त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. उठल्यावर अर्ध्या तासात ते वाढतं, अंगाला सांगतं, चल, दिवस सुरू झाला. तुला वाटेल, भ्यालेल्या माणसात ते मायंदाळ असेल. पण असा धक्का बसलेल्या पुष्कळांत उलटं दिसतं, सकाळची चढण येतच नाही. भुंकून भुंकून कुत्र्याचा घसा बसावा तसं, असं मी म्हणते. आमचे डॉक्टर म्हणतात, एवढं सोपं नाही. उपचार लागू पडले की काहींची चढण परत येते, म्हणून बघतात.

नाव कमी करतील का ते ठाऊक नाही, पण नळ्या चुकवू देऊ नकोस. आणि त्याच्या दाराशी उभी राहू नकोस गं. घोडा झालाय तो.

अशीच रागवत राहा, म्हणजे बरं वाटतं.
तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
भुंग्याचा नमस्कार.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. मी सुधारतोय, खरंच. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकतो. वस्तादच्या घरीही जाऊन आलो. पण काल बाईंनी रिपोर्ट दाखवला. माझी सकाळची रेघ आधीपेक्षाही सपाट. त्या म्हणाल्या, तुला हे झेपत नसेल, थांबवू या. ताई, आत्ता थांबवलं तर मी दोन मजल्यांच्या मधेच अडकेन. कायमचा.

आणि गंमत ऐक. पहिल्या आठवड्यानंतर मी काडी तोंडात घातलेलीच नाही. आमच्या कामात दोन्ही हात गुंतले की पुसायची चिंधी दातात धरतात. लिफ्टचा ब्रेक सुटलेला मी वस्तादच्या आधी पाहिला होता. चिंधी दातात होती. ओरडायला ती आधी थुंकावी लागली. वस्ताद तेव्हा वर, माझ्याकडेच बघत होता. आता कापूस जिभेला लागला की तो परत वर बघतो.

आईला एवढंच म्हटलं की मळमळतं. ती म्हणाली, राहू दे, बाईंना मी सांगते. सांगितलंच असेल.

मग हा रिपोर्ट कुणाचा?

तुझ्यावरच भरवसा आहे.
भुंगा

९ मार्च

ती. आईस,
सा. न.

बाईंशी बोलले. भुंग्याचे उपचार चालू राहणार. नळ्या नसल्या तरी त्याला काढणार नव्हतेच. आता नाही म्हणू नकोस, त्या काड्या तू चघळल्यास. तुला वाटलं, मी ठणठणीत, माझी थुंकी गेली की पोरगा बरा दिसेल. आणि त्याच रिपोर्टवर त्याचं सगळं बंद होत होतं.

रागवायला बसले होते, जमत नाही. ती सपाट रेघ तुझी आहे, आई. नुसत्या थुंकीवरून दुखणं ठरत नाही, वय असतं, अपुरी झोप असते. पण पहाटे त्याच्या दाराशी का उभी असतेस? अपघात झाला त्या दुपारी घरी तू एकटी होतीस. फोनवर तुला काय सांगितलं होतं? इतक्या दिवसांत आम्ही कुणी विचारलंच नाही.

सांग मला.
तुझी ताई

३० मार्च

चि. ताईस,
आशीर्वाद. वि. वि.

चोरी पकडलीस. आईचं आणि लेकाचं वेगळं ते काय, असं वाटलं होतं.

त्याच्या कामावरून फोन आला, म्हणाले, दोघं आत होते, एक गेला. कोण ते कळवतो म्हणाले. कळवलं नाही. संध्याकाळी बेल वाजली. दारात भुंगा, अंगभर काळं ग्रीस. आत घेतलं, वाढलं. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. पण त्या दुपारी, गेला तो हाच असं धरून, मी त्याला रडून घेतलं होतं गं. पुरतं. रडून संपवलेलं माणूस घरात वावरतं, चहा मागतं. पहाटे मी तो आहे का ते बघायला जात नाही. कोण आहे ते बघायला जाते.

भुंग्याला हे सांगितलं. तो मला बाईंकडे घेऊन गेला. मी आत, तो बाहेर बाकावर. डोळे मिटून सगळं सांगितलं. फोन, ओट्याची गार फरशी, बेल. बाईंनी विचारलं, दार उघडलंत? म्हटलं, कडीवर हात आहे, उघडत नाही. त्या म्हणाल्या, आज इथपर्यंतच.

ते रेकॉर्डिंग रोज ऐकते. रोज कडीपाशी माझा आवाज बंद होतो. मग पंख्याची घरघर. आणि त्याच्यामागे, बाईंच्या बंद दाराबाहेरून, बारीक गुणगुण. त्याचं त्यालाही कळलं नसेल. मी तेवढंच पुन्हा पुन्हा लावते. दार अजून उघडलेलं नाही. पण बाहेर कोण उभं आहे, ते आता ओळखू येतं.

लोभ वाढव असं लिहीत नाही, एकदा येऊनच जा.
तुझी आई