गुरुराजचा कॉम्प्युटर

२ नोव्हेंबर, रविवार

बिभीषण तीन तास बसून होता. तीन चहा! गुरुराजला गेमिंगचा कॉम्प्युटर बनवायचाय, दिवाळीचा बोनस आलाय, आणि बजेटमध्ये काय-काय बसतं ते सांगायला हा गुरू. टॉवेलच्या कारखान्यात दोघं शेजारी बसतात. ज्ञान सगळं यूट्यूबचं. ‘प्रोसेसर हाच घ्यायचा, डोळे झाकून.’ डोळे झाकूनच घेणार हे दोघं.

मी चार वर्षं तिप्पण्णा सरांच्या दुकानात कॉम्प्युटर जोडले. रोज दोन, दिवाळीत चार-चार. सात रस्त्याजवळचा तो गेमिंग कॅफे — अख्ख्या बारा मशिनी माझ्या हातच्या. गुरुराजला माहीत आहे हे. बघायला आला तेव्हा स्वतःच म्हणाला होता, ‘हे भारीच की!’

लग्न झालं आणि आठवड्यात सूर बदलला. ‘आईला नाही चालणार गं. काउंटरवर उभं राहायचं, पोरांच्यात. उगी घरात कटकट नको.’ सोडलं. चौदा महिने झाले. सासूबाईंनी माझ्यासमोर एक शब्द काढला नाही, मुलाकडून वदवून घेतलं. त्याचाच जास्त राग येतो. तोंडावर बोलल्या असत्या तर भांडले तरी असते.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज बोलले. न राहवून.

ते कॅबिनेट निवडत होते. काचेचं, सात रंगांचे दिवे लागणारं, सोबत एसएमपीएस फुकट. मी ट्रे ठेवता ठेवता म्हणाले, ‘अहो, फुकटातला एसएमपीएस नका घेऊ. सगळ्या मशिनीला वीज तोच देतो. तो जळाला की ग्राफिक्स कार्डही जाईल. दिवे कमी करा, पण तो चांगला घ्या.’

दोघांनी एकमेकाकडे बघितलं. मग बिभीषण — ‘वहिनी, चहा मात्र एक नंबर!’

गुरुराज हसला. हसला!

८ नोव्हेंबर, शनिवार

यादीचा कागद टेबलावर होता. वाचला. मदरबोर्ड डीडीआर-फाइव्हचा, रॅम डीडीआर-फोर. बसणारच नाही, दोन्हीची खाच वेगळ्या जागी असते. दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात हे.

गुरुराज आंघोळ करून आला. ‘काय बघतीस?’

‘काय नाही.’

कागद होता तिथं ठेवला.

९ नोव्हेंबर

ऑर्डर टाकली. दोघांनी एकमेकाला टाळी दिली. मी भाकऱ्या थापत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

खोकी काल आली. आज बैठकीत चादर अंथरून दोघं बसले. गुरुराजनं नवा स्क्रूड्रायव्हर आणलेला. प्रोसेसर कसाबसा बसला. मग रॅम. बसेना. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. बिभीषण म्हणाला, ‘नवीन हाय, जरा टाइट असतंय. जोर लाव की!’ आणि स्वतःच अंगठ्यानं दाबली.

कट्!

स्वयंपाकघरात ऐकू आलं मला. तो आवाज मी ओळखते.

सासूबाई जोंधळे निवडत होत्या. ‘यव्वा, काय मोडलं?’ बाहेर जाऊन बघितलं आणि गुरुराजला म्हणाल्या, ‘काव्याला इचार की. तिला कळतंय न्हवं ह्यातलं?’

टोमणा. दुसरं काय! काम सोडायला लावायचं आणि वर हे.

बिभीषणला अचानक घरचं काम आठवलं. गेला. गुरुराज त्या दिव्यांच्या कॅबिनेटशेजारी मांडी घालून बसून राहिला.

खरं लिहायचं तर — आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. छातीत गार वाटलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि दिवसभर लाज वाटत राहिली. दोन्ही खरं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना विचारलं त्यानं. ‘तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘कधीपासनं?’

‘यादी बघितली तेव्हापासून.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘एकदा बोलले होते. तुम्ही हसलात.’

अर्धी भाकरी तशीच टाकून उठला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मीच गेले. बोर्ड आणि रॅम पिशवीत घालून रिक्षानं. पाप माझंही होतं त्यात अर्धं.

दुकान तसंच. तोच थर्मल पेस्टचा वास. तिप्पण्णा सर चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘कोन, काव्या? ये की! वाळलीस लई.’ बोर्ड हातात घेऊन म्हणाले, ‘कुनी पैलवानानं बसवली का काय रॅम?’

चारातला एकच स्लॉट गेला होता, बाकीचे धड. रॅम बदलून दिली. मी एसएमपीएसचं सांगितलं, तर म्हणाले, ‘त्यो फुकटातला आनून दे, हा घेऊन जा.’ तपासायला मीच बाकावर बसले. चौदा महिन्यांनी. पडद्यावर पहिल्या ओळी उमटल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि सरांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

निघताना म्हणाले, ‘तुज्या जागी तिघं येऊन गेले. एक टिकला न्हाय. विचार कर.’

मी म्हणाले, ‘घरात चालत नाही, सर.’

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मी जोडला! बैठकीत, त्याच चादरीवर. गुरुराज स्क्रू हातात देत होता. बऱ्याच दिवसांनी नीट बोलला. ‘हे कशाला? हे इथंच का?’ मी सांगत होते. मोबाइल स्टँडला लावून शूटिंग करत होता. मला वाटलं, कौतुकानं करतोय.

मध्येच म्हणाला, ‘बांगड्या काढ ना. आवाज येतोय रेकॉर्डिंगमध्ये.’ काढल्या. ‘आणि मेंदीचं बोट जरा खाली.’ केलं.

पहिल्या झटक्यात चालू झाला. पंखे फिरले, सातही रंग लागले. ‘काव्या, मानलं तुला!’ म्हणाला. सासूबाई दारातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

आज भूक लागली मला. चार भाकऱ्या खाल्ल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पिंकीचा — माझ्या बहिणीचा — दुधनीहून फोन. ‘अक्का, दाजींच्या यूट्यूब चॅनेलवरचा व्हिडिओ बघितलास का? हात तुझ्यासारखेच वाटतात!’

बघितला.

हात माझेच आहेत. आवाज त्याचा. ‘तर मित्रांनो, आता मी रॅम बसवतोय. बघा, खाच जुळली पाहिजे, जोर लावायचा नाही.’ माझी वाक्यं! मी त्याला चादरीवर बसून सांगितलेली, शब्द न् शब्द. ‘एसएमपीएस कधी फुकटातला घेऊ नका, हा माझा अनुभव.’ अनुभव!

खाली लोकांनी लिहिलंय, ‘भावा, हात लई साफ हाय तुझा.’ त्यावर त्यानं हात जोडलेलं चित्र टाकलंय. आणि बिभीषण — ‘आपला वाघ!’

संध्याकाळी विचारलं. म्हणाला, ‘अगं, चॅनेल माझं आहे ना? त्यात तू कशाला? लोक काय कमेंट करतात बायकांच्या व्हिडिओवर, माहीत नाही तुला. आणि आईला कळलं तर?’

आई! प्रत्येक गोष्टीच्या दाराशी ही बाई कशी उभी असते?

२७ नोव्हेंबर

डबा भरला, धुणं धुतलं. रोजच्यासारखं.

२८ नोव्हेंबर

तो व्हिडिओ परत बघितला. आवाज बंद करून. चांगलं काम आहे. केबली बघून कुणीही सांगेल, शिकलेला हात आहे.

१ डिसेंबर, सोमवार

गुरुराज कामावर गेल्यावर सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. ‘आत्याबाई, मी उद्यापासून दुकानात जाणार. तुम्हाला चालो न चालो.’

त्या हातातलं सूप तसंच धरून बघत राहिल्या. ‘मी कवा नको म्हनले गं?’

‘तुम्हीच तर...’

‘मी? गुरूच म्हनला मला, तिला नको वाटतंय आता, दमती म्हनून सोडलं. मी म्हनले, एवढं शिकलेली पोरगी, घरात बसून काय करनार? तर म्हनला, आई, तू तिला काय बोलू नगंस, राग येतोय तिला. म्हनून गप बसले. तू पन कदी माज्याशी धड बोलली न्हाईस...’

सूप खाली ठेवलं त्यांनी.

गुरुराजला यायला अजून दोन तास आहेत. आम्ही दोघी दारात बसून आहोत.