अकरा मार्चची नोंद

हॉबर्न नॅब,
सोमवार, ४ मे

प्रिय एडगर,

शनिवारी, २ मे रोजी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, चर्चच्या सभागृहात चाळीस माणसांसमोर तू मला निर्दोष ठरवलंस. घड्याळ माझ्या समोरच्याच भिंतीवर होतं, म्हणून वेळेत चूक नाही. हा माझ्यावर झालेला अन्याय आहे आणि त्याची दाद मी तुझ्याकडेच मागणार आहे.

तुझा गुडघा कसा आहे? मलम दिवसातून दोनदा लावायचं असतं, आठवण झाली तर नव्हे. माझ्याकडे ठीक. वाटाणे उगवले, निम्मे गोगलगायींनी खाल्ले.

आता सभेचं. टेहळणी चौकीचा प्रमुख म्हणून तू चष्मा लावून नोंदवही वाचलीस: ‘अकरा मार्च, दुपारी तीन चाळीस, खडकांपलीकडे नारिंगी ठिपका, पॉसिबल. निरीक्षक, मिस थ्रेलफॉल.’ मग म्हणालास की सगळं नियमाप्रमाणे झालं, डेरिक हार्लंडला वाचवणं कुणाच्याच हातात नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षांचा मुलगा शेवंडीचे पिंजरे काढायला गेला आणि बुडाला, आणि टाळ्या मला.

नव्या स्वयंसेवकांना नोंदीचे तीन शब्द मीच शिकवते, हे तुला माहीत आहे. ‘पॉसिबल’ लिहिलं की दहा मिनिटं दुर्बीण लावून बसायचं. ‘प्रॉबेबल’ लिहिलं की फोन उचलायचा, जीवरक्षक बोट निघते. ‘सर्टन’ असेल तर आधी फोन, मग पेन. बाहेर लोक पहिले दोन शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरतात. दुकानात वापरा, मी त्यांना सांगते, इथे त्या दोघांमध्ये एक बोट उभी आहे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कोलंबा असल्या शब्दांबाबत फार कडक होत्या. ‘मेबी’ स्वयंपाकघरात बोलायचा, ‘परहॅप्स’ पत्रात लिहायचा, आणि माहीत असताना यातला कुठलाही वापरला तर ते हातमोजे घातलेलं खोटं, असं त्या म्हणत. पन्नास वर्षं मी हे इतरांना ऐकवत आले.

फेब्रुवारीत मी ‘प्रॉबेबल’ लिहिलं होतं. सात माणसं जेवणावरून उठून बोटीत बसली आणि काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला गवताचा भारा घेऊन आली. पबमध्ये तुम्ही त्या भाऱ्याला माझंच नाव दिलंत, मोनिका. चौकीतल्या माझ्या खुर्चीवर कुणीतरी पेंढा पसरला. मी हसले, आणि तो स्वतःच झाडला. मला काही लागलं नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटावं म्हणूनच हसले होते.

अकरा मार्चला तू चहा करत होतास. मी म्हणाले, पाण्यात काहीतरी आहे. तू किटलीवरून मान न वळवता म्हणालास, “आज गवत की सील, बाई? काय ते लिहून टाका, चहा थंड होतोय.”

त्या वाक्यामुळे मी तसं लिहिलं, असं गेले सात आठवडे मी स्वतःला सांगत आहे. सभेत तू माझ्याकडे न बघता ज्या घाईने वही मिटलीस, त्यावरून तूही स्वतःला तेच सांगत असावास. तेवढ्यापुरती मी तुला सोडते. वाक्य वाईट होतं, पण पेन माझ्या हातात होतं.

तो ठिपका नव्हता, एडगर. त्याला हात होता. तो वर झाला, खाली गेला, पुन्हा वर झाला. मग मी ‘पॉसिबल’ लिहिलं. आणि ती दहा मिनिटं मी दुर्बीण लावली नाही. लावली असती तर नीट दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर फोन करावा लागला असता. मी चहा प्यायले. दोन बिस्किटं खाल्ली. मग पाहिलं तेव्हा पाणी रिकामं होतं.

डेरिकची आई नोरा दर गुरुवारी आलं घातलेला केक घेऊन माझ्याकडे येते. शनिवारी टाळ्या चालू असताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “तुला निदान ठिपका तरी दिसला, मोनिका. माझा पोरगा अगदीच एकटा नव्हता.” केकच्या सात वड्या माझ्या फडताळात तशाच पडल्या आहेत.

तिला मी नुसतं तोंडी सांगितलं तर ती मला जवळ घेईल आणि म्हणेल, तू दमली आहेस. तुम्ही सगळ्यांनी तिला तसं शिकवून ठेवलं आहे. म्हणून मला ते पान हवं आहे. नोंदवही तुझ्या कुलपात असते. जुना शब्द खोडू नकोस, खाडाखोड मला चालत नाही. त्याखाली लिही: ‘निरीक्षकाला माणूस दिसला होता. सर्टन. निरीक्षकाने फोन केला नाही.’ सही मी करीन. मग ते पान घेऊन नोराच्या दारात जाईन. तू बरोबर आलास तर बरं, नाही आलास तरी मला रस्ता माहीत आहे.

शुक्रवारी, ८ मे रोजी, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं आहे. ‘बघू’ किंवा ‘कदाचित’ असं काही लिहिलंस तर ते मी उत्तर धरणार नाही.

हात पाहिलेली,
मोनिका थ्रेलफॉल