धाप ढब्याची नव्हती

चि. बाळास, आपल्या चाकांवरच्या घरगाडीच्या पायरीवर बसलेल्या आईचे आशीर्वाद.

तुम्ही तिघं शिखराकडे गेलात आणि मी न् तुमचं हे शेपूट, ढब्या, अर्ध्या वाटेवरून परत आलो. पाय नुसते धोंडे झालेत. तरी डोंगर काय देखणा रे. माझी शाळा दुसरीपर्यंतच, नाहीतर नीट वर्णन लिहिलं असतं. सूनबाईला म्हणावं, तू दिलेले बूट छान आहेत, आतले पाय तेवढे जुने.

मुद्दा राहिलाच. चढताना मी पाच वेळा म्हणाले, "थांबा रे, ढब्याला धाप लागली." बाळा, ढब्या ठणठणीत होता. दर वेळी मीच त्याचा पट्टा हळूच मागे ओढायचे. बिचारा माझ्याकडे बघून निमूट बसायचा. नात त्याला पाणी पाजायची, तेवढ्यात मीही दोन घोट घ्यायचे. लबाडी खपली म्हणून गंमत वाटत होती.

मग तू म्हणालास, "आई, कुत्रा म्हातारा झाला. पुढच्या सहलीला त्याला ताईकडे ठेवू." मी पट्टा तेवढा सैल सोडला. खरं सांगितलं तर मलाच ठेवशील, ही धास्ती.

आता हा माझ्या सुजल्या पायांवर हनुवटी टेकून तुमची वाट बघतोय. त्याला चहाडी करता येत नाही.

तुम्ही उतरताना दिसलात. हा कागद पिशवीतच राहू दे. तू बूट काढायच्या आत तोंडानंच सांगते.

तुझी,
धाप लागलेली आई