डावा फ्लोट

३ फेब्रुवारी, सोमवार

एकदाची आले कुरुळीला! पिंपळे सौदागरला दादा-वहिनीच्या सोफ्यावर पाय दुमडून झोपायचे दिवस संपले. आता शेडच्या पोटमाळ्यावर माझी स्वतःची खोली आहे आणि खाली वाकून बघावं तर चक्क विमान! हरिहरकाका निवृत्त इंजिनियर. लोक निवृत्तीनंतर बंगला बांधतात, हे विमान बांधत बसलेत, तेही जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारं. पोटाखाली होडीसारखे दोन लांब, बंद डबे, त्यांना फ्लोट म्हणायचं. त्यांच्यातच चाकं दुमडून जातात. उजवा फ्लोट तयार आहे, डावा अर्धवट.

मुलाखत म्हणजे नुसती गंमत. माझं आयटीआयचं सर्टिफिकेट काकांनी उलगडूनसुद्धा पाहिलं नाही. उंची विचारली, वजन विचारलं आणि खूश झाले. माझ्या काटकुळेपणाचं जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कौतुक केलं. त्यांच्या बायको पद्माकाकू म्हणाल्या, आधीचा मदतनीस अय्याजही असाच शिडशिडीत होता, पण तो गावाला गेला.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम असं. मी फ्लोटच्या आत आडवी. काका बाहेरून गनने रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारी खीळ, ठोकणार आणि मी आतून तिला लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा. काकांचे कान कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या दणदणाटाने खाल्लेत, त्यामुळे ते पत्र्यावर तळवा ठेवून माझे ठोके ओळखतात. एक ठोका म्हणजे ठीक, पुढे चला. दोन म्हणजे परत मारा. तीन म्हणजे थांबा, मला बाहेर यायचंय. दुपारपर्यंत हात इतका बसला की ‘ठीक’चा ठोका आपोआप पडायला लागला, डोक्याला विचारावंच लागेना.

काकू भात हात राखून वाढतात. म्हणतात, फुगलीस तर आत मावायची नाहीस. सासू परवडली! चहा मात्र सढळ. रोज एक कप त्या उजव्या फ्लोटवरही ठेवतात, मागच्या तपासणीच्या झाकणाजवळ. विश्वकर्म्याचा असेल. कप रिकामा परत जातो. कुठल्यातरी मांजराची चैन आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एमआयडीसीची सुट्टी. शेजारच्या कारखान्यातले पत्रा ठोकणारे प्रेस बंद, त्यामुळे ही जागा इतकी शांत असू शकते हे आज कळलं. ओढणी वाळत घालताना उजव्या फ्लोटमधून आवाज आला, ठक ठक ठक. उन्हाने पत्रा तापला की वाजतोच. पण हाताला सवय वाईट. हातातल्या किल्लीने मीही त्याला एक ठोका दिला, ठीक, पुढे चला! मग एकटीच हसत बसले. त्यानंतर दिवसभर काही वाजलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

विमान ट्रॉलीवरून धरणाच्या बॅकवॉटरला नेलं. डाव्याचा वरचा पत्रा तात्पुरता पॉप रिवेटींनी बंद केला होता. त्या बाहेरच्या बाहेर बसतात, आत माणूस लागत नाही. पाण्यात सोडल्यासोडल्या विमान उजवीकडे कललं. मग डाव्यात पाणी शिरलं आणि डावीकडे बसलं. उजव्यात थेंब नाही. काका म्हणाले, आतून धरणारं माणूस असलं की पाणी येत नाही, आणि जोडीचं वजनही सारखं लागतं. घरी आल्यावर सगळ्या पॉप रिवेटी उपटल्या. आता शेवटपर्यंत आतून ठोकळा लागणाऱ्या भरीव रिवेटीच मारायच्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी फाटकावर अल्फिया नावाची मुलगी आली होती. अय्याजची बहीण. मी सांगितलं, तो गावाला गेलाय. ती म्हणाली, ताई, आम्हाला गावच नाही, आजोबांपासून आम्ही देहूरोडचे, कुठल्या गावाला जाईल तो? तेवढ्यात काकू आल्या आणि फाटक लावून घेतलं.

मग पुन्हा ते ठोके. तीन. थोड्या वेळाने परत तीन. ऊन अजून शेडवर आलं नव्हतं. काकांना बोलावून आणलं. त्यांनी उजव्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि बोटाच्या पेराने एक ठोका दिला. म्हणाले, पत्रा वाजतो.

मला इथे राहायचं नाही. भीती वाटते, स्पष्ट लिहिते. पण डाव्याचा शेवटचा पत्रा तेवढा उरलाय आणि अर्धं काम टाकून जाणं मला जमत नाही. उद्या तो बसवते आणि संध्याकाळी दादाकडे जाते. बॅग भरून ठेवलीय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मी आत आहे. वही डांगरीच्या खिशात होती. डोक्यावरचा दिवा चालू आहे.

काका म्हणाले होते, वरचा पत्रा बसला की मागच्या भोकातून बाहेर ये. भोकावर कागद चिकटवला होता. मी कधी काढून पाहिला नाही. रिवेट, ठोका, ठीक. रिवेट, ठोका, ठीक. उजेडाची फट बारीक होत गेली आणि मी ठीक म्हणत राहिले. माझ्याच हाताने. शेवटच्या रिवेटीलासुद्धा.

मग सरपटत मागे आले, कागद फाडला. भोकातून एक कप जाईल, बस.

उजव्यालाही एवढंच भोक आहे. तिथेही शेवटपर्यंत भरीव रिवेटी. मग आतून ठोकळा कुणी धरला, आणि तो बाहेर कुठून —

तीन ठोके दिले. किती वेळा दिले. पत्र्याच्या पलीकडे तळवा फिरतोय, मला कळतं. ओरडले. शेजारी प्रेस चालू आहेत. बाहेरून एकच ठोका आला.

अय्याजला मीही एकच दिला होता.

शनिवार असेल

काकूंनी भोकातून चहा दिला. मी मनगट पकडलं. सोडवून घेतलं नाही त्यांनी. दुसऱ्या हाताची दोन बोटं आत घालून थोपटलं मला. सवय होते म्हणाल्या. त्यालाही झाली. आई गं — दादा, मला शोध —

चहा प्यायले. घसा कोरडा पडला होता.

*

ट्रॉली हलतेय. मग थांबली. खाली पाणी — इंजिन. सगळं थरथरतंय, अक्षर —

चाकं दुमडली, पायाशी खडखडाट. पाण्याच्या थपडा, थपडा — आणि एकदम बंद. हवेत आहोत. उडतंय ते. खरंच उडतंय.

*

उतरलो. आपटलं. तिसऱ्या ओळीत एक रिवेट झिरपतेय. माझीच. ठोकळा टेकवला. थेंब थांबला. हात काढला की येतो. काढत नाही. डाव्या हाताने लिहितेय

दिवा मंद

उजवीकडून तीन ठोके. मी तीन दिले. मग दोघांनी मिळून — तो, मी, तो, मी —

वरून काकांच्या पायाचा ठोका. एक. ठीक, पु