दसऱ्याच्या दिवशी कापलेलं दार

बाबा, माझ्या माशांच्या पेटीसाठी तुम्ही केलेलं सागवानी स्टँड अजून माझ्या घरात आहे, आणि त्याची पाठ कापून मी केलेलं वाकडं दारही तसंच आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. त्या दाराबद्दल मी माफी मागितली नाही, आजही मागणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी मी मंगरूळपीरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि अमरावतीहून काचेची पेटी एसटीत मांडीवर घेऊन आले, मासे डब्यात. तुम्ही म्हणालात, "कालपरवापर्यंत माणसाले प्याले पाणी नोतं, आन ही मासोळ्या पाळून राह्यली!" म्हणालात खरं, पण आठ दिवस खपून स्टँड तुम्हीच केलंत. चारही बाजू बंद, एक खिळा नाही. हवेचा पंप आत ठेवून वर पेटी बसवलीत, यंत्र कुणाला दिसू नये म्हणून. बाबा, तुम्हाला लाकूड कळत होतं, पंप कळत नव्हता. वीज गेली की नळीतून पाणी उतरून पंपात शिरायचं, आणि तो काढायला भरलेली पेटी उपसून खाली उतरवावी लागायची. दोनदा उतरवली, दुसऱ्यांदा काचांच्या सांध्यांत भरलेली लांबी सुटून पेटी ठिबकायला लागली. मागून एक दार करून द्या, असं मी किती वेळा म्हटलं. "सुताराच्या घरचं काम भोक पाडून दाखवू काय लोकायले?" हे तुमचं ठरलेलं उत्तर.

मग तो दसरा. सकाळीच वीज जाऊन आली आणि पंप बंद पडला. ओसरीवर करवत, रंधा, पटाशी धुऊन मांडलेली, कुंकू लावलेली, वर झेंडू. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. मी म्हणते, "बाबा, मागची फळी कापा." तुम्ही पाटावरून हलत नाही.

"आज हत्यार उचलत नाही. उद्या पाहू."

"उद्यापर्यंत मरतीन ते!"

"मरतीन त मरतीन. मासोळ्यायसाठी विश्वकर्म्याले उठवू काय?"

मी पटाशी उचलली, मग करवत. झेंडू जमिनीवर पडला. आई दारातच "अवं माय!" म्हणून थिजली. आपल्या घरात बाईनं हत्याराला कधी हात लावला नव्हता, आणि मी लावला तो नेमका दसऱ्याला. पटाशीनं खाच पाडून करवत घातली, फळी कापली, पंप काढून उन्हात वाळवला. दोन मासे गेले, पाच जगले. तुम्ही म्हणालात, हत्यार बाटलं. मला त्या दिवशी तुमचा राग आला होता, आजही येतो.

दिवाळीपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी तोवर त्या फळीला बिजागऱ्या लावल्या होत्या. दिवाळीच्या सकाळी तुम्ही स्टँडमागे वाकून पाहिलंत. "दार वाकडं हाय. बिजागऱ्या खालीवर बसवल्या तू."

"मंग नीट करून द्या."

"जिनं कापलं तिनंच नीट करावं," म्हणालात, आणि तुमचा रंधा माझ्या हातात देऊन बाहेर गेलात. आई म्हणायची, त्यांनी तुले माफ केलं. माफी कसली? मी चुकलेच नव्हते. रंधा तेवढा घेतला, दार मुद्दाम वाकडंच ठेवलं. पुढे शाळेतल्या मुलींना करवत धरायला शिकवली; कुणाचा हात झडला नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. या दसऱ्याला ते दार पावसाळी हवेनं फुगून घट्ट बसलं आणि आत पंप बंद पडला. बाहेर आलेल्या वाकड्या कडेवर चार हात रंधा मारला असता तर दार उघडलं असतं. रंधा समोरच होता, धुतलेला, कुंकू लावलेला, झेंडूखाली. मी पेटीजवळ खुर्ची ओढली आणि माशांना हवा मिळावी म्हणून हात भरून येईपर्यंत पेटीतलंच पाणी तांब्यानं वरून सोडत बसले. रंधा दुसऱ्या दिवशी उचलला.