शेकाचा दगड आणि चव्वेचाळीस दिवस

मी, कलसोम बिंती देरानी, वय एकाहत्तर, राहणार मुआर, नदीकाठ. धंदा बाळंतिणींना चोळणे, शेकणे, पोट बांधणे. हातात जोर उरला नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र माझं मी सांगते आहे, मला कोणी पढवलेलं नाही. पढवायची कोणाची टापही नाही.

१. राहतं घर, मागची रम्बुतानची तीन फळझाडं आणि सोन्याची बांगडी मुलगी रुहानाला. झाडांवरून शेजाऱ्यांशी भांडू नये, माझं भांडून झालं आहे. पोट बांधायचे लांब पट्टेही तिलाच. तिला सातवा महिना आहे. ते बांधायला मी नसेन, असं डॉक्टर म्हणतो.

२. यो ग्वात खिम हिच्याविषयी. ही चिनी बाळंतिणींच्या घरी महिनाभर राहून पथ्याचं रांधते. चाळीस वर्षं आम्ही त्याच घरांतून राबलो, ती चुलीपाशी, मी चटईपाशी. घाम माझा गळायचा आणि बाळंतीण म्हणायची, "खिम मावशी, तुमच्या आल्याच्या कोंबडीनेच उठले हो मी!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अजून होतो. परवा माझी पोटची पोरही म्हणाली, "आई, तू नसलीस तर मला खिम मावशीच हवी." म्हणून या कलमात मी आधी लिहवलं होतं की खिमने माझा उंबरा ओलांडू नये आणि माझ्या आईचा शेकाचा दगड नदीत टाकावा. ते खोडलं आहे. खोडलेलं ग्राह्य धरू नये.

३. कारण असं. रुहाना झाली तेव्हा माझी आई गेलेली, नवरा बोटीवर. चोळणारीला कोण चोळणार? तेव्हा खिम आली. डुकराचं मांस कधी न शिजलेलं नवं कोरं भांडं घेऊन आली, दारूचा थेंबही घातला नाही. दगड तापवून, पानाफडक्यात गुंडाळून, आधी स्वतःच्या पोटाला लावून बघायची, मग माझ्या. हात माझ्यापेक्षा हलका. चौतीस वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. जळत होते, दुसरं काय!

४. सबब दगड खिमला, आणि रुहानाचं बाळंतपणही तिलाच. अट एकच. तुम्हा चिन्यांचे बाळंतपणाचे तीस दिवस इथे चालायचे नाहीत, आमच्यात चव्वेचाळीस. एकतिसाव्या दिवशी भांडी आवरायला घेतलीस ना खिमे, तर येऊन छातीवर बसेन.

५. साक्षीला खिमही आली होती. सही करायला लेखणी मागायला लागली, तर लिहिणारे हाजी मुस्ताकिम म्हणाले, "बाई, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

"मला? ही बया मला काय देणार?"

त्यांनी वाचून दाखवलं. आता बाहेर पायरीवर बसून रडते आहे. रडतेसुद्धा माझ्यापेक्षा मोठ्याने.

डाव्या हाताचा अंगठा: कलसोम बिंती देरानी
साक्षीदार: १. हाजी मुस्ताकिम बिन लाजिम (लिहिणार) २. झबेदाह बिंती उजांग (शेजारीण)
मुआर, ९ ऑगस्ट १९८६