भट्टीत वाळवलेला फोन

आदरणीय लोसालिने ताई,

तुमच्या धाकट्या भावाचा, सेमिसीचा, मान खाली घालून नमस्कार. ऑकलंडच्या थंडीत गुडघे काय म्हणतात? इकडे देवाच्या कृपेने तुमची भावजय मेलेसेइनी आणि बाळ ठणठणीत आहेत. पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे. नाव आत्याने ठेवायचं, त्यात आई-बापाने तोंड घालायचं नाही, आणि तुमचा बोललेला निरोप फोनवर आलाच आहे. नाव उत्तम आहे असं मी गावभर सांगितलं आहे.

फक्त फोनची तब्येत जरा नरम आहे. शनिवारी ओहोटीला खडकांवर ऑक्टोपस धरायला गेलो, फोन शर्टाच्या खिशात. (ऑक्टोपस धरायला वाकावं लागतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.) ऑक्टोपस सुटला, फोन बुडाला. मेलेसेइनीचे फिलिपे मामा काठावरच बसले होते. "खारं पाणी आतून खातं, आधी धुऊन काढ," म्हणाले. पाण्याची टाकी लांब, म्हणून त्यांनी शहाळं फोडलं आणि सगळं फोनवर ओतलं. "याहून स्वच्छ पाणी कुठलं रे?" संध्याकाळी फोनला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. पांगाईतल्या तोमासीचं दुरुस्तीचं दुकान बंद. घरी उघडावा तर स्क्रू फिरवणं म्हणजे काम, आणि रविवारी, देवाच्या दिवशी, काम करणाऱ्याचं आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जाणता. रांधायला मात्र मनाई नाही. म्हणून उमूच्या खड्ड्यातलं जेवण काढल्यावर मी फोन केळीच्या पानात गुंडाळून भट्टीतल्या निवत आलेल्या दगडांवर ठेवला. (कोणी विचारलंच तर स्वयंपाक चालू आहे म्हणणार होतो.) पानात गुंडाळलेलं सगळं आपलंच, अशी आमच्या डुकरिणीची समजूत. ती पुडकं घेऊन पळाली, तिच्यामागे मी, आणि वाटेत पाद्रीबाबा.

"सेमिसी, आज धावणं शोभत नाही."

"धावतेय ती, बाबा. मी तिला थांबवतोय."

सोमवारी तोमासीने फोन उघडला. "मीठ समजलं, नारळ समजला. हे दात कोणाचे?" पण जुन्या ब्रशने एकेक भाग घासून म्हणाला, "जीव आहे अजून." ताई, मला फार बरं वाटलं. फोन जगणार आणि तुमचा निरोपही.

सर्वांना आठवण सांगावी.

तुमचा आज्ञाधारक,
सेमिसी

ता. क. आता खरं सांगतो. मी तो निरोप ऐकलेलाच नाही. ओहोटी संपेल म्हणून परत आल्यावर ऐकू म्हटलं होतं. नाव उत्तम आहे हे मी तुमच्यावरच्या विश्वासाने सांगून बसलो. मेलेसेइनी रोज विचारते, मी म्हणतो चर्चमध्येच कळेल. तोवर सगळे बाळाला नुसतं "ए" म्हणतात आणि मला भरून येतं. घरात फोन तेवढा एकच, तुमचा नंबर त्याच्याच पोटात. तेव्हा हे पत्र आणणाऱ्या माणसाच्या हाती नाव लिहून पाठवा, पाकीट चिकटवून.

आणखी एक. पत्र बंद करतो तोच तोमासी फोन घेऊन आला. चालू झाला. त्यातून ऐकू येतं, बोलता मात्र येत नाही. (तुमच्यापुढे माझंही असंच होतं.) त्याने घरभर ऐकू जाईल असा तुमचा निरोप लावला: "अरे गाढवा, बाळ आलं, बाळ आलं एवढंच कळवलंस. मुलगा की मुलगी? कळल्याशिवाय नाव काय ठेवू, कपाळ तुझं?"

मेलेसेइनी माझ्याशी बोलत नाही. फिलिपे मामांचं हसू थांबत नाही. तुमचा नंबर मिळाला, शेजाऱ्याच्या फोनवरून आता बोलता येईल, पण धीर होत नाही, म्हणून पत्रच पाठवतो.

मुलगी आहे, ताई. नाक तुमचं आहे, आणि आवाजही.